लाल तारेची पिन

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क दिवाळीच्या सुट्टीआधीपासूनच आवाज करायला लागली होती. आधी मध्येच एखादा टक्, मग सलग टक् टक् टक्, आणि तेवढा वेळ पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजून राहायचा. मी साताऱ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला कॉम्प्युटर शिकवते. असा आवाज आला की डिस्कचे दिवस भरले, हे मी दरवर्षी मुलांना सांगते. घरच्या डिस्कचं मात्र आज करू, उद्या करू असंच चाललं होतं. माझ्या सगळ्या नोट्स तिच्यात होत्या, प्रात्यक्षिक परीक्षेचे पेपर होते आणि मुलगी जन्मल्यापासूनचे तिचे फोटो होते. नवरा सैन्यात. त्याची पोस्टिंग बदलत राहते, म्हणून फोटो ठेवायची ही एकच जागा आम्ही ठरवली होती. दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईनं हे सांगायला लाज वाटायला हवी, आणि वाटते.

सुट्टीत माहेरी सांगलीला गेले तेव्हा एका दुकानातून नवी एसएसडी घेतली. ही नव्या धाटणीची डिस्क. आत फिरणारी तबकडी नाही, नुसत्या चिपा, त्यामुळे आवाज नाही आणि वेगही चांगला. दुकानदार माझ्या भावाच्या ओळखीतला, बोलायला सरळ माणूस. माझा कॉम्प्युटर जुना आहे म्हटल्यावर त्यानं एक नवी डेटा केबल दिली आणि विजेसाठी वीतभर लांबीची एक जोडतारही दिली. "ताई, तुमच्या पॉवर सप्लायला जादा प्लग नसंल तर ही लागेल," म्हणाला. मुलीला आजोळी ठेवून मी एकटीच एसटीनं साताऱ्याला परतले. डिस्कची डबी इस्लामपूर, कराड, उंब्रज करत मांडीवरच होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. जेवणं झाल्यावर मी कॅबिनेट उघडलं. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. त्या बाहेरच्या खोलीत खाली बसून शेंगा फोडत होत्या.

डिस्क बसवणं म्हणजे दोन तारा लावणं. एक माहितीची, एक विजेची. दुकानदारानं दिलेल्या दोन्ही मी लावल्या, कॉम्प्युटर चालू केला. जुनी डिस्क दिसली, नवी दिसेना. विंडोजमध्ये नाही, तर विंडोज सुरू व्हायच्या आधी मशीन स्वतःची जी यादी दाखवतं, ज्याला बायोस म्हणतात, त्यातही नाही. मशीनच्या लेखी नवी डिस्क जोडलेलीच नव्हती.

मग मी जे केलं ते मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी करू देत नाही. केबल काढून दुसऱ्या खाचेत लावली. त्याच वेळी जुन्या डिस्कचीही खाच बदलली. बायोसमध्ये जाऊन दोन-तीन सेटिंगं फिरवली. मोबाईलवर कुणीतरी सांगितलं होतं म्हणून बोर्डावरची गोल बॅटरी काढून परत घातली. तासाभरानं नवी डिस्क तर दिसत नव्हतीच, जुनीवरून विंडोजही सुरू होईना. निळ्या पडद्यावर एक ओळ यायची आणि मशीन आपोआप बंद होऊन परत चालू व्हायचं. पुन्हा तेच.

मी दुकानदाराला फोन लावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, पीसच डेड असणार. घेऊन या, बदलून देतो."

मी फोन ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "झालं. आता परत सांगली."

बाहेरून शेंगा फोडायचा आवाज थांबला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराला टरफलं चिकटलेली.

"काय झालं गं?"

"अहो आई, डिस्कच खराब निघाली."

"हे तू बघितलंस का त्या दुकानदारानं सांगितलं?"

"त्यानं सांगितलं. पण दिसतच नाही म्हटल्यावर..."

"तो सांगलीत बसून सांगतोय व्हय?" असं म्हणून त्या आत आल्या आणि माझ्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या.

इथं सासूबाईंविषयी सांगायला हवं. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या. मूळच्या कोरेगावकडच्या शेतकरी घरातल्या. साताऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये आधी ऑपरेटर म्हणून लागल्या आणि पुढं खात्याची परीक्षा देऊन टेक्निशियन झाल्या. गावातल्या सगळ्या फोनांच्या तारा ज्या मोठ्या चौकटीवर येऊन संपतात, तिथं त्या काम करायच्या. एवढं मला लग्नाआधीपासून माहीत होतं. पण ते माहीत असूनही माझ्या मनात त्यांची जागा ठरलेली होती. मोबाईलवर फोटो कसा पाठवायचा हे त्या मला तीन-तीनदा विचारायच्या आणि तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज थोडा चढायचा. कॉम्प्युटर माझा प्रांत, तिथं त्यांचं काय काम, असंच मी धरून चालले होते.

त्यांनी उघड्या कॅबिनेटमध्ये वाकून बघितलं. हात लावला नाही.

"सकाळी चालू हुतं ना हे?"

"हो."

"मग आधी सकाळी हुतं तसं करून दे मला."

"अहो, पण नवीन डिस्क..."

"नव्याचं ऱ्हाऊ दे. चालू हुतं ते आधी चालू कर. न्हाईतर आता फॉल्ट दोन झालेत. एक तिचा आन एक तुझा."

मला राग आला. तरी मी केलं. नवी डिस्क बाजूला ठेवली, जुनीची केबल मूळ खाचेत लावली, बायोसमध्ये काय काय फिरवलं होतं ते आठवून आठवून मागं नेलं. एक सेटिंग आठवायला बराच वेळ गेला. शेवटी विंडोज सुरू झालं. टक् टक् आवाज आला आणि तो ऐकून मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

तोवर त्यांनी मागच्या महिन्याचं कॅलेंडरचं पान फाडून आणलं होतं. पाठच्या कोऱ्या बाजूवर मधोमध एक रेघ मारली. डावीकडे "काय बदललं", उजवीकडे "काय दिसलं". अक्षर लहान, सरळ, ऑफिसच्या रजिस्टरात शोभावं असं.

"आता मला सांग. नव्या डिस्कला तारा किती?"

"दोन. एक डेटाची, एक पॉवरची."

"आन जुनीला?"

"तिलाही दोनच. सारख्याच."

"मग जुनीच्या दोन्ही काढ आन नवीला लाव. दुसरं काय सुदीक हलवू नको."

 इतकं साधं. जुनीच्या तारा चालतात हे आम्हाला ठाऊक होतं. त्याच तारांवर नवी दिसली नाही तर डिस्क खराब, दिसली तर डिस्क चांगली. मी तासभर जो धुडगूस घातला होता त्यात हा एक प्रश्न मी विचारलाच नव्हता.

मी प्लग काढायला हात पुढं केला तसं त्यांनी मला थांबवलं. "भिंतीचं बटण. आन नुसतं बटण न्हाई, पिन काढ." प्रत्येक वेळी, पुढच्या सगळ्या फेऱ्यांत, भिंतीतली पिन माझ्या हातात आहे हे बघितल्याशिवाय त्यांनी मला आत हात घालू दिला नाही.

नवीला जुनीच्या तारा लावल्या. चालू केलं. बायोसची यादी उघडली आणि तिथं नव्या डिस्कचं नाव ठळक अक्षरात आलेलं होतं.

"दिसली!" मी ओरडलेच.

सासूबाईंनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं. "म्हंजे डिस्क चांगली हाय. दुकानदार चुकला. आता दोन तारा ऱ्हायल्या. त्यातली एकच बदल."

"कुठली?"

"कुठली बी. पण एकच."

मी डेटाची जुनी केबल काढून नवी लावली. डिस्क दिसली. त्यांनी लिहिलं. मग विजेची जुनी तार काढून त्या जागी दुकानदारानं दिलेली वीतभर जोडतार लावली. डिस्क गेली. यादीत तिची ओळ रिकामी.

"परत कर," त्या म्हणाल्या.

"अहो, कळलं की आता."

"एकदा झालं म्हंजे योगायोग बी असंल. परत कर."

पुन्हा जुनी तार लावली, दिसली. पुन्हा जोडतार लावली, गेली. त्यांनी शेवटच्या दोन ओळी लिहून पेन खाली ठेवलं. पान जेमतेम अर्धं भरलं होतं आणि त्यात माझ्या एका तासाचं उत्तर होतं.

पण अडचण संपली नव्हती. दोन्ही डिस्का एकाच वेळी चालवल्याशिवाय जुनीतलं नवीत उतरवता येणार नव्हतं, आणि चांगला पॉवर प्लग एकच होता. मी म्हटलं, आता नवी जोडतार आणायला हवी, शनिवारी संध्याकाळी साताऱ्यात मिळते का बघते. त्या कॅबिनेटमध्ये वाकून तारांचा एकेक पदर डोळ्यांनी मागं मागं नेत होत्या. हात मागं, डोळे पुढं.

"ह्यात आनि कुणाला असलाच प्लग लावलाय का?"

मी बघितलं. होता. वरच्या डीव्हीडी ड्राइव्हला. त्यात तबकडी घालून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक.

"ती बाई काय काम करती का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग तिचा घे की."

डीव्हीडीच्या तारा काढून नव्या डिस्कला लावल्या. कॉम्प्युटर चालू केला. यादीत दोन नावं, एकाखाली एक. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या पदराची टरफलं झटकत होत्या.

मला वाटलं, आता उठतील. पण त्यांनी हात पुढं केला. "ती तार दे हिकडं."

"कशाला? आता लागणार नाही ती."

"काम झालं, पण फॉल्ट कुठं सापडलाय? तारेत हाय एवढंच कळलंय. तारेत कुठं?"

त्यांनी पेपर वाचायचं भिंग आणलं आणि जोडतार खिडकीशी नेली. तिच्या एका टोकाला चार गोल पिनांचा पांढरा प्लग होता, त्यातून पिवळी, दोन काळ्या आणि लाल अशा चार तारा निघत होत्या. त्यांनी एकेक तार दोन बोटांत धरून अगदी हलकी मागं ओढली. पिवळी हलली नाही. काळ्या हलल्या नाहीत. लाल तार किंचित सरकली. मग त्यांनी प्लगचं तोंड उजेडाकडं धरलं आणि मला भिंग दिलं. "बघ."

तीन पिना काठाशी आलेल्या होत्या. चौथी आत बुडालेली. प्लग घट्ट बसल्यासारखा वाटायचा, पण ती एक पिन समोरच्या पिनेपर्यंत पोचतच नव्हती. सांगितल्याशिवाय मला जन्मात दिसली नसती.

"लाल म्हंजे काय असतं?" त्यांनी विचारलं.

"पाच व्होल्ट. पिवळी बारा." आणि बोलता बोलता माझ्याच डोक्यात उजेड पडला. "आई, ही एसएसडी फक्त पाचवर चालते. बारा तिला लागतच नाहीत."

"म्हंजे उपाशीच हुती की बिचारी," त्या म्हणाल्या. आणि पहिल्यांदा हसल्या.

त्या संध्याकाळी मी जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवायला घेतली. त्याआधी नवी डिस्क नीट चालते का ते बघायला मी ती तयार करून तिच्यात एक फाईल टाकली होती. नक्कल करणारा प्रोग्रॅम दोनच गोष्टी विचारतो. कुठल्या डिस्कवरून घ्यायचं आणि कुठल्या डिस्कवर टाकायचं. ज्या डिस्कवर टाकायचं, तिच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मी दोन्ही निवडलं आणि शेवटच्या बटणाकडं बाण नेला.

"काय निवडलंस ते वाच मोठ्यानं," सासूबाई म्हणाल्या. त्या स्वयंपाकघरातून भाकरीचं पीठ मळून हात धुवून येऊन मागं उभ्या होत्या.

"अहो, बरोबर आहे."

"आमच्यात लाइन तोडायच्या आधी नंबर मोठ्यानं वाचायचा आन समोरच्यानं परत म्हणायचा. वाच."

मी वाचायला लागले. "कुठून घ्यायचं... चारशे..." आणि मी बटणावरून हात काढला. जुनी डिस्क पाचशे जीबीची होती, तीही निम्मी रिकामी. चारशे ऐंशीची नवी. प्रोग्रॅमनं नवी डिस्क यादीत वर दाखवली होती आणि मी सवयीनं वरची ती जुनी असं धरून चालले होते. बटण दाबलं असतं तर एक फाईल असलेली जवळजवळ रिकामी डिस्क फोटोंच्या डिस्कवर ओतली गेली असती. मुलीचं बारसं, पहिलं पाऊल, नवरा सुट्टीवर आलेला असताना काढलेले तिचे त्याच्या खांद्यावरचे फोटो, सगळं.

 मी निवड उलटी केली आणि या वेळी त्यांनी न सांगता मोठ्यानं वाचली. "पाचशेवरून घ्यायचं. चारशे ऐंशीवर टाकायचं."

"पाचशेवरून घ्यायचं, चारशे ऐंशीवर टाकायचं," त्या मागून म्हणाल्या. "दाब आता."

भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी अशी ताटं वाढून आम्ही जेवायला बसेपर्यंत जुनी डिस्क टक् टक् करत होती, मध्येच दोनदा रेंगाळली, पण सगळं देऊन गेली. मी ताट तसंच ठेवून उठले आणि फोटो उघडून बघितले. एकेक नाही, पण वर्षावर्षातले थोडे थोडे. सगळे होते. सासूबाईंना मी बोलावलं तर त्या म्हणाल्या, "आधी जेव. त्ये आता कुठं जात न्हाईत."

दोन दिवसांनी त्यांच्याबरोबर एक्स्चेंजमध्ये काम केलेले एक गृहस्थ फराळाला आले. त्यांना मी हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. चिवड्याची वाटी खाली ठेवून म्हणाले, "आवं सूनबाई, पाचगणीचं सांगितलं का न्हाई ह्यांनी तुम्हांला?"

"ते कशाला आता," सासूबाई म्हणाल्या आणि चहा करायला आत गेल्या.

गृहस्थांनी सांगितलं ते असं. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेचा फोन रोज संध्याकाळी बंद पडायचा. लांबलांबची मुलं, आईबापांचे फोन संध्याकाळीच यायचे. सकाळी माणसं दुरुस्तीला गेली की फोन ठणठणीत. दोनदा यंत्र बदललं, एकदा रस्त्याची केबल तपासली. तक्रार काही संपेना. मग सासूबाई स्वतः वर गेल्या. त्यांनी काहीच उघडलं नाही. सबंध दिवस शाळेत एक स्टूल टाकून बसल्या आणि इथं कधी काय सुरू होतं, कधी काय बंद होतं, एवढंच विचारून वहीत वेळा लिहीत राहिल्या. संध्याकाळी मुलांच्या अंघोळीसाठी बंब पेटला आणि पाऊण तासात फोन मेला. फोनची तार बंबाच्या धुराड्याला लागून भिंतीवरनं गेली होती आणि तिथंच तिचा एक जुना सांधा होता. गरम झाला की सुटायचा, थंड झाला की परत टेकायचा.

"आमी तिघं बाप्ये हुतो," गृहस्थ म्हणाले, "आन कुणाच्या डोस्क्यात आलं न्हाई की संध्याकाळपर्यंत नुसतं बसावं. लय मोठी बाई हाय ही. सायबानं खास पत्र दिलं तर ह्यांनी ते फायलीला लावून टाकलं."

हे सगळं मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळत होतं, तेही पाहुण्याच्या तोंडून. मी आत गेले. त्या चहात आलं किसत होत्या.  मी कप मांडले.

मुलीला आणायला सांगलीला निघाले तेव्हा सासूबाईंनी ती जोडतार माझ्या हातात ठेवली. तिला त्यांनी दोऱ्यानं पुठ्ठ्याची एक छोटी चिठ्ठी बांधली होती. वर लिहिलं होतं: "लाल तार. पिन मागे सरकली आहे. डिस्क चांगली."

"आई, एवढीशी तार परत द्यायला कशाला जायचं? फेकून देऊ की."

"परत द्यायची म्हणून न्हाई गं. त्याच्याकडं एकाच पिशवीतल्या असतील ह्या. दुसऱ्या कुणाला दिली तर तोबी डिस्कच मेली म्हणणार. त्याला दाखव."

मी दुकानात गेले. दुकानदारानं चिठ्ठी वाचली, मग दिव्याखाली प्लग धरून बराच वेळ बघितलं. त्यानं खालच्या खणातून तसल्याच तारांची पिशवी काढली आणि माझ्यासमोर एकेक लाल तार ओढून बघायला लागला. चौदा-पंधरा तारा असतील. त्यातल्या तीन सरकल्या.

"हे शोधलं कुणी?" त्यानं विचारलं.

"आमच्या सासूबाईंनी."

"काय करतात त्या?"

"टेलिफोनमध्ये होत्या. टेक्निशियन."

त्यानं त्या तीन तारा बाजूला काढून ठेवल्या. "ताई, ह्याच महिन्यात मी दोन एसएसडी डेड म्हणून कंपनीला परत पाठवल्यात. त्या दोन्ही गिऱ्हाइकांनाबी हीच तार दिली हुती." मग त्यानं ती चिठ्ठी दोऱ्यासकट सोडवून घेतली आणि विचारलं, "ही ठेवू का माझ्याकडं?"

मी ठेवू दिली.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. तीन तारा सापडल्या हे ऐकून त्यांनी समाधानानं मान हलवली. दोन डिस्का परत गेल्या हे ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"चांगल्या हुत्या गं त्या," त्या म्हणाल्या. "कुणीतरी बसून नीट बघाय पायजे हुतं."

मुलगी तेवढ्यात नव्या डिस्कवरचे स्वतःचे फोटो बघायचे म्हणून हट्ट करायला लागली. मी कॉम्प्युटर चालू केला. तो आवाज न करता उघडला. सासूबाई चष्मा शोधून आल्या, खुर्ची ओढून बसल्या, आणि कुठला फोटो कुठं ठेवलाय ते मला विचारायला लागल्या. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, आणि तिसऱ्यांदाही.